अंगातला राखणदार आणि आपल्या रोजच्या सवयी



साठी उलटलेले माणूस सर्दी-खोकल्याने आठवडाभर अंथरुणाला खिळले, की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "आता अंगात पहिल्यासारखी ताकद राहिली नाही." मग मुलगा किंवा सून फार्मसीत जाते आणि ताकदीची एक बाटली घेऊन येते. बाटली महाग असते, औषध गोड असते, आणि ते संपेपर्यंत सर्दीही आपोआप गेलेली असते. नाव मात्र बाटलीचे होते.

ज्या ताकदीबद्दल आपण बोलतो ती हातापायांची ताकद नव्हे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडच्या ज्या गावांतून आपले पूर्वज या बेटावर आले, तेथे गावाचा राखणदार मानण्याची पद्धत होती. बाहेरचे संकट त्याने वेशीवरच अडवायचे. शरीरालाही असा राखणदार आहे. डॉक्टर त्याला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हाडांतला मगज, गळ्यातल्या नि काखेतल्या गाठी, आतड्याचे अस्तर असा त्याचा मोठा पसारा आहे. वय वाढते तसा हा राखणदारही म्हातारा होतो. परंतु तो पन्नाशीत म्हातारा होतो की पंच्याहत्तरीत, हे केवळ जन्मतारखेवर ठरत नाही. आपण किती चालतो, किती झोपतो, काय खातो, काय ओढतो, यावर ते पुष्कळसे ठरते. बाटलीवर मात्र जवळजवळ काहीच ठरत नाही.

येथे काही वाचक म्हणतील, "आमच्या आज्याने चाळीस वर्षे ऊस तोडला, भात खाल्ला, गोड चहा प्याला, त्याला कधी काही झाले नाही." हे बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि त्यात निम्मे सत्य आहे. उरलेले निम्मेही पाहिले पाहिजे. जो आजा ऐंशी वर्षे जगला त्याची गोष्ट घरात सांगितली जाते. तिशीत तापाने गेलेल्या त्याच्या भावाची गोष्ट कोणी सांगत नाही. १८६७ च्या सुमारास मलेरियाच्या साथीने या बेटावर हजारो माणसे मेली. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धातसुद्धा येथील सरासरी आयुर्मान तिशीच्या घरातच होते. डीडीटीची फवारणी, स्वच्छ पाणी, लसी आणि दवाखाने आले तेव्हा हे चित्र पालटले. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशसला मलेरियामुक्त म्हटले. पुढे १९७५ मध्ये जेर्वेझ चक्रीवादळानंतर तो पुन्हा डोकावला आणि त्याला पुन्हा हाकलावे लागले. सांगायचे एवढेच, की आपल्या आज्यापणज्यांचा राखणदार बाहेरच्या शत्रूशी लढून थकत असे. आपला राखणदार घरात बसल्या बसल्या थकतो आहे.

तो थकतो कसा? छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक लहान ग्रंथी असते. 'टी' नावाच्या पांढऱ्या पेशींची ती शाळा आहे, असे समजा. आपला कोण आणि परका कोण, हे त्या पेशी तेथे शिकतात. ही शाळा लहानपणी भरलेली असते. वयात आल्यावर ती आकसू लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. म्हणजे नवे शिपाई कमी, आणि जुन्यांवरच सारा भार. म्हणून नवा विषाणू आला की तरुणाचे चार दिवसांत निभावते आणि आजोबांना रुग्णालयात न्यावे लागते. २००६ मधील चिकुनगुनियाच्या वेळी आणि पुढे कोविडच्या वेळी आपण हे पाहिलेच.

दुसरी गोष्ट अधिक चोरटी आहे. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते. हा दाह उपयोगाचा असतो, आणि काम झाले की तो विझतो. पण वय झालेल्या शरीरात बारीक दाह सतत धुमसत राहतो. ताप नसतो, दुखत नसते, पण रक्तवाहिन्या, सांधे, मेंदू सर्वांना त्याची झळ लागत असते. इटलीतील बोलोन्याचे शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली दाह आणि वार्धक्य हे दोन शब्द जोडून या अवस्थेला नाव दिले. चुलीतली राख वरून थंड दिसते आणि आत निखारा असतो, तसे हे आहे. या निखाऱ्याला वारा घालणाऱ्या गोष्टी मात्र बहुतेक आपल्या हातातल्या आहेत. पोटावरची चरबी, रक्तातली वाढलेली साखर, सिगारेट, अपुरी झोप. पोटाची चरबी ही नुसती साठवण नव्हे, तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रात्रंदिवस रक्तात उतरत असतात. आपल्या वंशाच्या लोकांसाठी कंबरेचे माप पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर याच्या आत असावे, असे डॉक्टर मानतात. शिवणकामाची टेप प्रत्येक घरात आहे. ती बेंबीजवळून गुंडाळून पाहायला पैसे पडत नाहीत.

आता साखरेकडे येऊ, कारण मॉरिशसमध्ये या विषयावर लिहून मधुमेहाला बगल देता येणार नाही. १९८७ साली येथे पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर पॉल झिमेट आणि त्यांचे सहकारी त्या कामात होते. मधुमेह हा भारतीय रक्ताचा दोष, असा तोपर्यंत सर्वसाधारण समज होता. तपासणीत निघाले भलतेच. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी अशा सर्वच समाजांत दर शंभरांत दहा ते तेरा जणांना मधुमेह होता. वेगवेगळ्या वंशांचे रक्त आणि आजार एकच. तेव्हा रक्तापेक्षा या बेटावरच्या राहणीकडे बोट दाखवणे भाग पडले. त्यानंतरच्या तपासण्यांत आकडा आणखी चढला. २०१५ आणि २०२१ च्या पाहण्यांत दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एक मधुमेही आढळला.

मधुमेहाला आपण 'साखर' म्हणून फार सहज घेतो. "मला थोडी साखर आहे," असे हसत सांगणारे प्रत्येक लग्नात भेटतात. पण वाढलेली साखर राखणदाराचे काय करते, ते पाहा. जखमेकडे सर्वांत आधी धावणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी, त्या साखरेच्या पाकात सुस्तावतात. जंतूपर्यंत पोहोचायला उशीर, गिळायला उशीर. बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे कुमकही कमी पोहोचते. आणि पायाच्या नसा बधिर झाल्यामुळे खडा टोचला तरी कळत नाही. राखणदार झोपलेला आणि गावाला चोर आल्याची खबरच नाही, असा हा प्रकार. सावात घालून अंगणात फिरताना झालेली एवढीशी जखम महिनाभर राहते, काळी पडते, आणि मग डॉक्टर बोट कापण्याची भाषा करतात. अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत, नावे घेण्याची गरज नाही. क्षयरोग होण्याचा धोकासुद्धा मधुमेह्याला इतरांच्या सुमारे दोन-तीन पट असतो. म्हणून मधुमेही माणसाने रोज रात्री दिव्याखाली आपले तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. नातवंडांची दृष्टी चांगली असते आणि त्यांना हे काम आवडतेही.

एका बाबतीत मात्र या बेटाने जगाला धडा घालून दिला आहे, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. पूर्वी रेशनचे स्वयंपाकाचे तेल बहुतांशी पामतेल असे. १९८७ साली सरकारने ते बदलून सोयाबीनचे केले. कढई तीच, मसाला तोच, गातो पिमाही तोच, फक्त पिंपातले तेल बदलले. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर उतरली होती. पुरुषांतील धूम्रपान याच काळात सुमारे ५८ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर आले. मधुमेह मात्र खाली आला नाही. माझ्या मते यात आपल्यासाठी फार महत्त्वाची सूचना आहे. दुकानातले तेल सरकारला बदलता येते. जेवणानंतर खुर्चीतून उठायचे की नाही, हे सरकारला ठरवता येत नाही.

ऊस तोडणाऱ्या आज्याचे खरे रहस्य येथेच आहे. भात आणि गोड चहा त्याला पचला, कारण त्याचे स्नायू दिवसभर साखर जाळत होते. आपण त्याचा भात ठेवला, चहा ठेवला, त्यात साखरेचा एक चमचा वाढवला, वर दिप्येन आणि बाटलीतली गोड पेये आणली, आणि कोयता तेवढा खाली ठेवला. कोयता पुन्हा उचला असे कोणी म्हणणार नाही. ते कष्ट माणसाला झिजवणारे होते, त्यांचे गोडवे गाणे मला पटत नाही. परंतु स्नायूंना काम हवे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी रक्तातली साखर कमी चढते. काम करणारा स्नायू स्वतःच अशी द्रव्ये सोडतो की ती दाह शमवतात.

याचा एक सुंदर पुरावा इंग्लंडमधून आला. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज यांच्या शास्त्रज्ञांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तपासले. ही मंडळी प्रौढ आयुष्यभर सायकल चालवत आली होती. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांच्या थायमसमधून नव्या टी पेशी जवळजवळ तरुणांइतक्याच बाहेर पडत होत्या. त्यांच्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या लोकांत त्या बऱ्याच घटलेल्या होत्या. ही माणसे निवडक होती हे मान्य केले पाहिजे. सिगारेट ओढणारे आणि रक्तदाब वाढलेले लोक आधीच वगळले होते, आणि सहा-साडेसहा तासांत शंभर किलोमीटर सायकल चालवणारे आजोबा आपल्याकडे किती सापडतील? पण एवढे निश्चित दिसले, की राखणदाराचे म्हातारपण म्हणून आपण जे समजतो, त्यातले बरेचसे बसून राहण्याचे म्हातारपण आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे एवढे सर्वसाधारण माणसाला पुरते. वाक्वा-क्युरपीपच्या पावसाची सबब सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी घरातल्या घरात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. आणि गणेश चतुर्थीला झाकरीच्या फेरात नुसते टाळ्या वाजवत उभे राहणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींनी एकदा फेरात शिरून पाहावे. श्वास कितव्या कडव्याला लागतो, त्यावरून स्वतःची परीक्षा होते.

झोपेविषयी आपल्या समाजात विचित्र अभिमान आहे. "मला चार तास झोप पुरते," असे सांगणाऱ्याला कष्टाळू समजले जाते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे शेल्डन कोहेन यांनी १५३ निरोगी माणसांच्या झोपेची दोन आठवडे रोज नोंद घेतली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. २००९ साली त्यांनी जाहीर केले, की सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. थेंब तेच, नाकेही सारखीच. फरक झोपेचा. पूर्वी रात्री नऊला गावातले दिवे मालवत. आता अकरा वाजता मालिका संपते आणि मग हातात फोन येतो. म्हातारपणी झोप तुटक होते हे खरे आहे, पण दुपारी दोन तास घोरून रात्री झोप येत नाही म्हणून गोळी मागणे बरे नव्हे. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणली की रात्र सुधारते.

सिगारेटबद्दल नव्याने काय लिहावे? एक गोष्ट नवी आहे. पॅरिसच्या पास्चर संस्थेने एक हजार निरोगी माणसांचे रक्त तपासून २०२४ मध्ये दाखवले, की सिगारेट सोडल्यावर राखणदाराचा एक भाग लवकर पूर्वपदावर येतो, पण टी पेशींच्या बाजूवरचे परिणाम पुढे कित्येक वर्षे टिकतात. म्हणजे "पन्नाशीला सोडीन" हा हिशेब चुकीचा आहे. आज सोडली तर आजपासून कर्ज फिटू लागते. रमचेही तसेच. शनिवार-रविवारच्या बैठकीत जी बाटली रिकामी होते, तिला 'सर्दीवर औषध' म्हणणे निदान बंद करावे.

स्वयंपाकघरात मात्र आपल्याकडे चांगले धन आहे. शेवग्याचा पाला, ज्याला बाजारात ब्रेद मुरुम म्हणतात, अळू म्हणजे ब्रेद सोंज, कारले म्हणजे मार्गोज, वाल, मसूर, तूरडाळ. ब्रेदचे पातळ बुइयोन गरिबाचे जेवण म्हणून काही घरांनी सोडून दिले आहे, याचे वाईट वाटते. पालेभाज्या आणि डाळींतला चोथा आपल्याला पचत नाही, तो आतड्यातल्या उपयुक्त जंतूंना पोसतो. ते जंतू त्यातून जी आम्ले बनवतात, ती आतड्याचे अस्तर मजबूत ठेवतात आणि दाह कमी करतात. राखणदाराच्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याभोवतीच ठाण मांडून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ताटाचे महत्त्व कळते. मोदकांनी मधुमेह होत नाही. ते वर्षातून एकदा येतात. तो होतो रोजच्या चार कप चहांतल्या दोन-दोन चमच्यांनी.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे जेवण हा वेगळा आणि काळजीचा विषय आहे. आजी एकटी असली की चूल पेटवत नाही. चहा आणि दिप्येन-दिबेर यांवर तिची रात्र निघते. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. स्नायू झडतात, जखम भरायला माल उरत नाही. तिच्या ताटात रोज वाटीभर डाळ, एक अंडे, मासा किंवा दही आले पाहिजे. मुलांनी फोनवर "कशी आहेस?" विचारण्याऐवजी "आज काय शिजवलेस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी "बरी आहे" असेच येते.

आणि जी आजीची सेवा करते तिचे काय? ओहायो येथे जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्यांच्याच वयाच्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. स्त्रिया थोड्याच होत्या, पण जे दिसले ते घरोघरी ओळखीचे वाटेल. आपल्याकडे हे काम बहुधा एकाच सुनेच्या किंवा एकाच मुलीच्या अंगावर पडते, आणि बाकीची भावंडे रविवारी फळे घेऊन येतात. फळे आणावीतच, पण रविवारचे चार तास तिला घराबाहेर जाऊ द्यावे. तिने बैठकेत जावे, देवळात जावे, बहिणीकडे जावे, किंवा नुसते झोपावे. सासऱ्यांचे औषध त्या चार तासांत दिरानेही देता येते.

शेवटी लसीचे. थायमस आकसल्यावर नवे शिपाई कमी निघतात, म्हणून असलेल्यांना आधी शत्रूची ओळख करून देणे शहाणपणाचे. हिवाळ्याच्या तोंडावर आपल्या सरकारी आरोग्य केंद्रांत ज्येष्ठांसाठी फ्लूची लस येते. "मागच्या वर्षी घेतली होती" हे कारण चालत नाही, कारण विषाणू दरवर्षी वेष पालटतो. आणि लस टोचून घेण्याच्या आसपास पुरेशी झोप घ्यावी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना काही रात्री फक्त चार तास झोपू देऊन फ्लूची लस टोचली, तेव्हा दहा दिवसांनी त्यांच्या रक्तात नेहमीसारखे झोपणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी प्रतिपिंडे सापडली. तेव्हा घरात कोणी लसीसाठी जाणार असेल, तर त्या आठवड्यात रात्रीचा टीव्ही लवकर बंद करावा, आणि मधुमेह असेल तर केंद्रात गेल्यासरशी साखर आणि पायही तपासून घ्यावेत.